झाकणावरचा लाल डाग

"ताई, लगेच ये. मला कामावरून काढलंय. मी ऑसिलेटर मुद्दाम बिघडवला म्हणे!"

धाकट्या बहिणीचा, मुग्धाचा, रडवेला आवाज ऐकून सुनीताने ऑकलंडच्या ओटाहुहू भागातली आपली फार्मसी सहकाऱ्यावर सोपवली आणि थेट माउंट वेलिंग्टनमधलं मुग्धाचं वर्कशॉप गाठलं. नोकरी गेली तर मुग्धाचा व्हिसाही जाणार होता.

टेबलावर पत्र्याची डबी होती. आत मुग्धाने वर्षभर खपून बनवलेला ऑसिलेटर. रेडिओला हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर नेऊन बसवणारं सर्किट. टौरंगा बंदरातल्या मच्छीमार बोटींसाठी.

"कधी बिघडतो?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून. सकाळच्या दमट हवेत फ्रिक्वेन्सी सरकत राहते. हीटर लावला की दुपारी ताळ्यावर."

"डबी कोणी उघडली?"

"कोणीच नाही. माझ्यासोबत काम करणाऱ्या अभिषेककडे किल्ली असते, पण तो आठवडाभर टौरंगाला आहे."

मालक चारुदत्त केबिनमधून आला. कपाळावर कुंकवाचा टिळा. "उघडायची गरजच काय? झाकणाला स्क्रूड्रायव्हरपुरतं भोक आहे. काठावर लाल डाग दिसतोय? ट्युनिंगचा स्क्रू फिरवला की तो हलू नये म्हणून आम्ही लाल लाख लावतो. म्हणजे हिने बाहेरूनच स्क्रू फिरवलाय. हिला दुसरीकडे ऑफर होती, जाता जाता वाट लावून गेली. क्लायंटला मी हिचं नाव कळवलंय."

"मी स्क्रूला हातही लावला नाही, ताई."

सुनीता डागाकडे बघत राहिली. मग किचनमधून लिंबू आणून तिने एक थेंब काठावर पिळला.

लाल डाग पिवळा झाला.

"लाख लिंबाने पिवळी पडत नाही. हळदीत चुना घालून केलेलं घरगुती कुंकू पडतं. दसऱ्याला यंत्रांची पूजा कोणी केली, मुग्धा?"

"चारुदत्तांनी. त्यांच्या आईंनी पाठवलेलं कुंकू वाहून."

"ते भोकातून आत सांडलं. दमट हवेत ओलसर झालं की त्यातून वीज झिरपत असणार."

मुग्धाने मान डोलावली. "ट्युनिंगचं व्होल्टेज ढळायला तेवढं पुरतं."

"पूजा श्रद्धेने केलीत, चारुदत्त. पण बाकीचं झाकण लख्ख पुसलेलं आहे. म्हणजे कुंकू सांडल्याचं तुम्हाला कळलं होतं. तरी काठावर राहिलेलं कुंकू तुम्ही लाख म्हणून दाखवलंत."

चोराच्या उलट्या बोंबा थांबल्या. चारुदत्त खुर्चीत बसला. "क्लायंटला काय सांगणार होतो? पूजेने माल बिघडला? हसले असते."

"म्हणून हिचं नाव सांगितलंत!" सुनीताला संताप आवरेना. तिने फोन त्याच्यासमोर सरकवला. "आता तिथेच स्वतःचं नाव सांगा. आमच्यासमोर."

त्याने नंबर लावला. "किया ओरा," त्याने माओरीत नमस्कार केला. "बिघाड मुग्धाने केला नाही, माझ्या हातून झाला. ती कामावरच राहील."

दोघी बहिणी ऐकत उभ्या राहिल्या.