अंग खोटं बोलतं

वामनकाकांकडे पाहुणा आलाय आणि तो कोण ते आपल्याला ठाऊक नाही, ही गोष्ट शुभदाला सकाळपासून घशात अडकलेल्या काट्यासारखी टोचत होती.

कोपरखैरण्याच्या त्या सोसायटीत कुणाच्या डब्यात आज कुठली भाजी, कुणाचा सिलिंडर संपला, कुणाच्या मुलीला बघायला मंडळी आली, हे सगळं शुभदाला विचारावं. काका तर तिचे सख्खे शेजारी, भिंतीला भिंत लागून. बायको, बेबीकाकू, देवाघरी, मुलगी वैदेही लग्न होऊन नाशिकला. एकटा जीव. मग भिंतीपलीकडून दोघांचं बोलणं कसं येत होतं? एक आवाज काकांचा. दुसरा खालच्या पट्टीतला, ओळखीचा, पण कुणाचा ते काही केल्या आठवेना.

मे महिना. सकाळीच लाइट गेलेली. वरच्या माळ्याचा स्लॅब असा तापलेला, की भिंतीला टेकलं तर चटका बसावा. शुभदानं कैरीचं पन्हं केलं, दोन पेल्यांत ओतलं, एक काकांना आणि एक त्या पाहुण्याला, आणि पदर खोचून निघाली. पन्हं आपलं निमित्त.

दार नुसतंच लोटलेलं होतं.

"काका, येऊ का आत?"

"ये गो शुभदा, ये..."

आत पाऊल टाकलं आणि तिला वास आला. मासळीबाजारात बर्फाच्या लादीवर ओलं गोणपाट टाकलेलं असतं ना, त्याचा असतो तसा. गारढोण वास. काका खुर्चीत बसलेले, एकटेच. अंगात जाड स्वेटर, डोक्याला माकडटोपी. तोंड लालबुंद, ओठ सुकलेले आणि घामाचा एक थेंब नाही.

"अगं बाई! काका, मे महिन्यात हे काय सोंग काढलंय? आणि पाहुणे कुठायत?"

"रज्जाक आलाय. त्यो काय तिथं." काकांनी बाथरूमच्या बंद दाराकडे बोट केलं. "थंडी वाजतं गो... लय थंडी."

शुभदानं दोन्ही पेले होते तिथंच खाली ठेवले.

रज्जाकभाई म्हणजे काकांचे जोडीदार. तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये दोघांनी उमेदीची सगळी वर्षं काढलेली. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याचा डबा आधी काकांकडे यायचा, मग नातेवाइकांकडे. पण रज्जाकभाई मागच्या थंडीतच वारले. नफिसाभाभींचे डोळे पुसायला शुभदा स्वतः दिघ्याला जाऊन आली होती.

तापात माणूस बरळतो, असं तिनं मनाला बजावलं. काकांच्या कपाळाला हात लावला, तर तवा बरा! हिवताप असणार. तिच्या माहेरी, साताऱ्याकडे, हुडहुडी भरली की एकच इलाज. दारंखिडक्या लावायच्या आणि माणसाला गोधडीत गुंडाळायचं. तिनंही तेच केलं. काकांना पलंगावर निजवलं, खिडकी घट्ट लावली, एक गोधडी हनुवटीपर्यंत ओढली आणि वर दुसरी घातली.

"पडून राहा गप. मी डॉक्टरांना फोन लावते."

ती वळली. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"नाव सांग."

खालच्या पट्टीतला. हळू, मायेचा.

"वामन..." काका पुटपुटले.

"गाव?"

"खैरना..."

"बायकोचं नाव?"

काकांचे ओठ हलत होते, पण नाव बाहेर पडत नव्हतं. शुभदाला मागे वळून बघायचं धाडस होईना...

ठक्. ठक्.

बाथरूमच्या दारावर कुणीतरी आतून मूठ आपटत होतं. घाईघाईनं, जीव तोडून.

आणि मग तिला आठवलं. याच खोलीत, चहा बशीत ओतता ओतता, रज्जाकभाईंनी तिला सांगितलं होतं. कोल्ड रूममध्ये एकानं आत जायचं, दुसऱ्यानं दाराशी उभं राहायचं आणि दर थोड्या वेळानं विचारायचं. नाव, गाव, बायकोचं नाव. जीभ अडखळली की ओढून बाहेर काढायचं, तो नको नको म्हणाला तरी. एकदा वामननं मस्करीत बायकोच्या जागी सिनेमातल्या नटीचं नाव सांगितलं, तर रज्जाकभाईंनी कॉलर धरून त्याला फरफटत बाहेर आणलं होतं. "मला काय ठाऊक, खरंच गोठला की लग्न मोडून आला!" असं म्हणून दोघं खोखो हसले होते.

मग हसू ओसरल्यावर रज्जाकभाई म्हणाले होते, "भाभी, गोठत आलेल्या माणसाला शेवटी काय वाटतं, माहीत आहे? गरम. कपडे काढून फेकायला लागतो. आणि उन्हानं आतून भाजत आलेला कधी कधी म्हणतो, थंडी वाजते, पांघरूण द्या. शेवटी शेवटी अंग खोटं बोलतं. म्हणून अंगाला विचारायचं नाही. जोडीदारानं विचारायचं."

पांघरूण! हिवताप कसला, काकांना ऊन लागलं होतं. आणि आपण चांगल्या मनानं त्यांना जिवंत उकडायला ठेवलं!

तिनं गोधडीचं टोक धरून ओढलं. गोधडी अलगद आली. दोन बायका मिळून घडी घालताना येते तशी, समोरचं टोक कुणीतरी उचलून धरल्यासारखी. शुभदानं समोर बघितलंच नाही. टोपी काढली, स्वेटर काढला, खिडकी सताड उघडली आणि गॅलरीतून खालच्या रिक्षावाल्या सनीला हाक मारली, "सनी! ए सनी, रिक्षा काढ! काका चालले हातातून!"

पाण्यासाठी तिनं डोळे मिटूनच बाथरूमचं दार ढकललं. आत कुणी नव्हतं. टाकीचं पाणी या दिवसांत चहा करावा इतकं कढत येतं. पण बादली काठोकाठ भरलेली होती आणि तिच्यात हात घातला, तर वरची काचेसारखी पातळ पापडी कुरकुरत मोडली.

विचार करायला वेळ नव्हता. टॉवेल बुडवून तिनं काखेत, मानेला, जांघेत ठेवले, पुठ्ठ्यानं वारा घातला. सनी आणि ती, दोघांनी काकांना खाली आणलं. रिक्षात ओलं डोकं मांडीवर घेऊन ती सबंध रस्ताभर विचारत राहिली.

"नाव सांगा, काका. गाव सांगा. बायकोचं नाव?"

घणसोली नाक्यावरून आलेल्या गाड्यांच्या गर्दीत रिक्षा अडकली. सनी हॉर्नवर हॉर्न मारत शिव्या घालत होता. काकांचे डोळे पांढरे दिसायला लागले. शुभदाला रडू फुटलं.

"सांगा हो... असं काय करता? काकूंना राग येईल. बायकोचं नाव?"

"...बेबी," काका म्हणाले.

सनीनं आरशातून बघितलं आणि रिक्षा सरळ फुटपाथवर चढवली.

वाशीच्या इस्पितळात काका वाचले. "वेळेवर गार केलंत म्हणून," संघप्रिया सिस्टर म्हणाली. "पांघरुणात अजून थोडं राहिले असते, तर कठीण होतं."

शुभदानं मान खाली घातली.

दोन दिवसांनी ती दुपारची भेटायला गेली. वॉर्डातला पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. खाटेवर काका उशीला टेकून बसलेले, तोंडावर तेज आलेलं. इस्पितळाची खिचडी चमच्यानं उचलून परत ताटलीत टाकत म्हणाले, "शुभदा, ही खाऊन मेलो ना, तरी हे लोक ऊन लागलं म्हनूनच लिवतील बघ!"

दोघंही हसली. हसता हसता शुभदाची नजर खाटेशेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे गेली.

स्टुलाच्या वर, बसलेल्या माणसाचं तोंड असेल तेवढ्या उंचीवर, हवेत वाफ उमटत होती. कडाक्याच्या थंडीत बोलताना तोंडातून निघते तशी. छोटी, मग छोटी, मग पुन्हा छोटी. कुणीतरी मनापासून खुदखुदल्यासारखी.

शुभदाचं हसू थांबलं. वाफही थांबली.

मग ती पुन्हा उमटली, या वेळी संथ, लांब... आणि हळूच वळून शुभदाच्या दिशेनं आली, कुणी मायेनं 'भाभी' म्हणावं तशी.