कोपऱ्यातली घरं

माझ्या पुतणीला वाटलं होतं, जुना नकाशा छापून लोकांसमोर मांडला की लोक गावाचा इतिहास शोधतील. प्रकाशनाआधी वाचनालयात चार प्रती लावून पाहिल्या. लोकांनी शोधलं काय? आपापलं घर. प्रत्येकाचं बोट आधी तिथेच. शेजाऱ्याचं घर आपल्याहून लहान निघालं की चेहरा कसा खुलायचा.

अरे, त्या गठ्ठ्यावर टेकू नकोस. इकडे सरक. सांगतो ना.

तिच्या तोंडून ऐकलं तेच सांगतोय, पदरचं काही नाही. परदेशात शिकून आलेली पोर. "काका, गाव आपलं, पण आपल्यालाच ते ठाऊक नाही." मी म्हणायचो, "बाई गं, मला शाई वाळली का एवढंच ठाऊक." शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा तिने कुठून तरी मिळवला, कॉम्प्युटरवर डाग पुसून साफ केला आणि मी इथेच, या छापखान्यात छापला.

गेल्या नोव्हेंबरातली शनिवारची रात्र. रविवारी प्रकाशन. मी जेवायला घरी गेलो. ती प्रती गुंडाळायला मागे राहिली, शटर आतून लावून. दहा वाजले असतील.

तिने मान वर केली, तर टेबलापलीकडे एक बाई. खांद्यावर झोपलेलं मूल. हातापायांवर विटांची लाल धूळ.

तिला वाटलं, शटर नीट लागलं नसेल.

"यात आमचं घर दाखव ना," बाई म्हणाली. "पोराला निजवायचंय."

"कुठे राहता, मावशी?"

"भट्टीपाशी."

पुतणीचा हात थांबला. मूळ नकाशात खालच्या कोपऱ्यात, वीटभट्टीशेजारी, झोपड्या होत्या. बारीक चौकोन, नाव नसलेले. ज्यांच्या विटांनी हे गाव उभं राहिलं, त्यांच्या. तिने त्या भिंगाखाली पाहिल्या होत्या. ते डाग नाहीत, हे तिला पक्कं कळलं होतं. पण 'हे गाव सगळ्यांचं आहे' अशी सुरुवात असलेलं तिचं प्रास्ताविक कुठेच मावेना. जागा हवी होती. पुसल्या.

बाईचं बोट फिरत होतं. नदी. पूल. मग तो कोपरा. तिथे नुसती अक्षरं.

खरं सांगायला हवं होतं. पण...

"तिथे काही नव्हतं, मावशी."

"नव्हतं?"

बाईने कोपऱ्याकडे पाहिलं. मग पोराकडे.

"मग याला कुठे..."

दिवा गेला. आला.

कोणी नाही. शटर बंद. कडी आतून, तशीच.

सकाळी मी आलो, तिने आतून शटर उघडलं आणि पुन्हा जमिनीवर बसली. डोळे सुजलेले.

"काका, मी भीतीने नाही रडले. मी तिच्या तोंडावर खोटं बोलले."

आणि तिने छापील प्रतींच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. वरच्या कागदांत खळगा पडला होता. पाय पोटाशी घेऊन निजलेल्या लहानग्याएवढा. कडेला लाल धूळ. मी हात लावला...

कोमट होता.

"माझा मजकूर काढा," ती म्हणाली. "घरं परत घाला. पुन्हा छापायचं."

"आणि प्रकाशन?"

"आज नाही. का नाही, ते लोकांना मीच जाऊन सांगते."

"बरं. मग हा गठ्ठा रद्दीत देऊ?"

ती दारातच थांबली. आवाज एकदम खाली आला.

"नको, काका. राहू दे. उठवू नका त्याला."