दोघींचं कपाट

ते साल एकोणीसशे नव्व्याण्णव. तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना लोक आपोआप आवाज खाली आणायचे, जणू आत कोणी निजलंय. त्याच साली रुग्णालयातल्या खाटांची नोंदवही कागदावरून मशीनवर आली आणि ते मशीन सांभाळायला बाईंना नेमलं.

बाई शेचाळीस वर्षांच्या. बोलायला फटकळ, कामाला चोख. तळघरातली खोली त्यांची. तिथे इतका गारठा असे की भर उन्हाळ्यातही त्या स्वेटर घालून बसत. भिंतीशी दोन सर्व्हर उभे होते आणि त्यांच्यामध्ये गुडघ्याएवढं डिस्कचं कपाट. कोणत्या खाटेवर कोण, कोणाला केव्हा काय औषध, सगळं त्या कपाटात; वॉर्डात औषधांच्या चिठ्ठ्याही त्यावरूनच छापून यायच्या. सर्व्हर दोन, कपाट मात्र सामायिक. एक सर्व्हर काम करायचा, दुसरा नुसता बघत बसायचा. पहिला पडला की दुसऱ्याने कपाट ताब्यात घ्यायचं आणि वरच्या वॉर्डांना पत्ताही लागू द्यायचा नाही.

बाईंनी त्यांची नावं ठेवली थोरली आणि धाकटी. मशीनमध्येही तीच टाइप केली.

"जावाजावा आहेत," त्या सांगायच्या. "चूल एक. दोघी एकदम पुढे बसल्या की भाजीत दोनदा मीठ."

दोघींना जोडणारी एक बारीक वायर होती. तिच्यावरून दर सेकंदाला एकमेकींना कळवणं चालायचं, मी आहे, मी आहे. ते थांबलं की दुसरी समजायची, पहिली गेली. पण गेली असं वाटणं वेगळं आणि खरंच जाणं वेगळं. म्हणून कपाट हवाली करण्याआधी स्क्रीनवर प्रश्न यायचा, दुसरी बंद असल्याची खात्री केली का? बाईंचा नेम असा की आधी उठायचं, त्या मशीनचा प्लग आपल्या हाताने उपसायचा, मांडीवर घेऊन बसायचं आणि मगच 'हो' दाबायचं.

कंपनीचा इंजिनियर हसायचा. "बाई, मेलेल्याला किती वेळा मारता?"

"एकदाच. पण माझ्या हाताने."

जुलैतला मंगळवार होता. बाईंची ताई तिसऱ्या मजल्यावर चौदा नंबरच्या खाटेवर होती. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतरचा पाचवा दिवस, आणि दर तासाला सलाइनमधून औषध. आई लहानपणीच गेल्यामुळे बाईंना न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं ताईनेच केलेलं. बाई साहेबलोकांना जुमानत नसत, पण ताईने "चिमे" म्हणून हाक मारली की गुमान उठायच्या.

सकाळी दहाला ताईच्याच वॉर्डातून मोठ्या सिस्टरचा फोन आला.

"अहो बाई, तुमचं मशीन काय पिऊन बसलंय? नऊ नंबरची खाट रिकामी दाखवतंय. म्हातारबुवा माझ्यासमोर बसून चहात बिस्कीट बुडवताहेत."

"करते दुरुस्त."

प्रत्येक नोंदीपुढे ती लिहिणाऱ्या सर्व्हरचं नाव यायचं. त्या सकाळी काम थोरलीकडे होतं. नऊ नंबरच्या नोंदीपुढे मात्र लिहिलं होतं, मधली.

इंजिनियर त्या दिवशी धाकटीचा पंखा बदलायला आला होता. बाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "ही थट्टा तुमची का?"

"माझी? मला दुसरे उद्योग नाहीत?" त्याने वाकून स्क्रीन पाहिला आणि हातातला पंखा खाली ठेवला.

वीस मिनिटांनी पुन्हा फोन. "बाई, नऊची दुरुस्ती राहू द्या."

"का?"

"आता खरंच रिकामी आहे."

साडेअकराला अकरा नंबर. आधी नोंद, मग अर्ध्या तासात सिस्टरांचा फोन. जेवणाच्या सुट्टीत बारा नंबर. या वेळी सिस्टर एवढंच म्हणाल्या, "बारा." मग फोन ठेवल्याचा आवाज. प्रत्येक नोंदीपुढे मधली. दहा आणि तेरा नंबरच्या खाटा दोन दिवस रिकाम्याच होत्या.

बाईंनी चौदाची नोंद उघडली. ताईचं नाव होतं, वय होतं, औषध होतं. खाली एक ओळ आली. नोंद मधलीच्या ताब्यात.

"दोघींचं भांडण लागलंय," इंजिनियर म्हणाला. "एकीला बंद करा."

बाईंनी धाकटीचा प्लग उपसला. ओळ हलली नाही. मग थोरलीचा उपसला. स्क्रीन काळा झाला, पंखे थांबले. त्या खोलीत इतकी शांतता त्यांनी कधी ऐकली नव्हती.

आणि त्या शांततेत कपाटावरचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले. एकापाठोपाठ एक, घाई न करता. काही लिहिलं जात असलं की लुकलुकायचे तसे.

बाईंच्या तेव्हा लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते. जी शेवटी उरेल तिचं कपाट, हा नियम. दोघींना त्यांनी स्वतःच बाहेर काढलं होतं.

"कपाटाचीच वीज काढू," इंजिनियर म्हणाला. तो बोलता बोलता दारापर्यंत सरकला होता.

"लिहिणं चालू असताना? तीनशे माणसांची औषधं आहेत आत. अर्ध्यांची राख होईल."

फोन वाजला.

"बाई, खालचं सगळं बंद आहे का? एकही चिठ्ठी छापून येत नाही. फक्त एक आली." सिस्टरांचा आवाज चिरकला. "चौदा नंबर, चादर बदला."

"ताई कशी आहे?"

"जाग्या आहेत. पण बोटं गार पडताहेत. अहो, औषधाची चिठ्ठी नाही, मी काय करू?"

"औषध द्या. चिठ्ठी मी आहे. आणि ती चादर कोणी ओढली तर गाठ माझ्याशी आहे म्हणावं."

त्यांनी थोरलीचा प्लग लावला. तिला उठायला चार मिनिटं लागायची. बाई उभ्याच राहिल्या. शेवटी अक्षरं उमटली.

कपाट मधलीच्या ताब्यात आहे. मधली बंद असल्याची खात्री केली का? हो. नाही.

बाई खाली बसल्या, मशीनांच्या मागे हात घालून चाचपलं. थोरलीची वायर, धाकटीची वायर, कपाटाच्या दोन. पाचवी नव्हती. भिंतीवर एक मोकळा सॉकेट होता, धूळ साचलेला.

"इथे उपसायला काही नाही," इंजिनियर म्हणाला. "बाई, 'हो' म्हणू नका. ती बंद नाहीये."

"माहीत आहे मला."

त्या मोकळ्या सॉकेटसमोर त्यांनी मूठ आवळली.

"ऐक," त्या मोठ्याने म्हणाल्या. "तू कोण, मला विचारायचंही नाही. तिची खाट कधी रिकामी व्हायची ते तू ठरवणारी कोण? या कपाटाच्या जावा दोन. तिसरी मी आणलेली नाही आणि तिसरीला मी मानत नाही."

आणि मूठ मागे ओढली. ओढताना रिकाम्या मुठीला प्लग निघाल्यासारखा हिसका बसला.

मूठ त्यांनी मांडीवर ठेवली. दुसऱ्या हाताने 'हो' दाबलं. नोकरीतलं पहिलं खोटं.

दिवे विझले.

मग थोरलीचा पंखा फिरला, आणि चौदाच्या नोंदीत ताईचं नाव जागच्या जागी होतं.

सिस्टरांचा फोन आला. ताईने पाणी मागितलं होतं.

इंजिनियर पुढच्याच महिन्यात दुसऱ्या शहरात गेला आणि शाळेत गणित शिकवायला लागला. मोठ्या सिस्टर निवृत्त होईपर्यंत त्याच वॉर्डात राहिल्या. चादर बदलण्याआधी खाटेवर हात ठेवून बघायची सवय त्यांना कायमची जडली. थोरली आणि धाकटी सहा वर्षांनी भंगारात गेल्या. कपाटातल्या डिस्का बाईंनी समोर उभं राहून चेचून घेतल्या.

ताई बरी झाली आणि बाईंकडेच राहायला आली. पुढे सतरा वर्षं जगली, खडखडीत. फक्त ती पलंगाच्या अगदी काठावर झोपायची. भिंतीकडची बाजू मोकळी.

"अगं, पडशील की," बाई म्हणाल्या होत्या, पहिल्याच आठवड्यात.

"असू दे गं चिमे. तिलाही जागा लागते."

'तिला' म्हणजे कोणाला, ते बाईंनी विचारलं नाही. सतरा वर्षांत एकदाही नाही.

ताई गेली ती दुपारी, स्वतःच्या वेळेला, बाईंचा हात हातात घेऊन. नंतर बाईंनी पलंगावरची चादर काढली. काठाची गादी सपाट होती. भिंतीकडची खोलगट झाली होती.

शेजारच्यांनी सांगितलं, गादी टाकून द्या. बाई म्हणाल्या, "घर माझं, पलंग माझा. जायचं असेल तिने जावं." त्या आता सत्तरी ओलांडून गेल्यात. रोज रात्री त्या पलंगावर मुद्दाम ऐसपैस हातपाय पसरून झोपतात. रोज सकाळी त्यांना काठावर जाग येते, आणि भिंतीकडची गादी ऊबदार असते.