लंबरदाराच्या कपाशीत शिरलेलं पाणी

"म्हशी बाहेर काढ आधी. पाटातलं पाणी सरकारचं आहे."

जैनां खोऱ्यावर रेलून म्हणाली. म्हशी पाटात खुशाल बसल्या होत्या, आणि काठावर एक उंचापुरा तरुण त्यांच्याहून खुशाल.

"पाणी सरकारचं… आणि जमीन?"

"आमची. अब्बांना सरकारकडून मिळालीय. जालंधरहून आलोय आम्ही."

"असं होय? माझा आजा इथं उंट चारायचा. त्याला विचारायचं राहिलं वाटतं."

म्हणाला आणि हसला. राग होता की थट्टा, जैनांला कळेना. दिवसभर ती तेच घोळवत राहिली.

त्याचं नाव वरयाम. कालवा येण्याआधीपासून या माळावर ढोरं चारणाऱ्यांपैकी. नवे गावकरी त्यांना जांगली, म्हणजे रानटी, म्हणत आणि आपली गुरं त्यांच्यापासून सांभाळत.

पाण्याच्या पुढच्या पाळीला अब्बांना ताप होता, म्हणून पाणी द्यायला जैनां एकटीच आली. वरयामही आला, म्हशींशिवाय. पगडीच्या शेवात पिलूच्या झाडाची लालचुटुक फळं बांधून.

"एकेक खाऊ नकोस, जीभ सोलवटेल. मूठभर टाक तोंडात."

"काहीतरीच." तिनं मुद्दाम एकेक खाल्लं. जीभ चरचरली. तो गालात हसला.

"आम्ही नदीकडे निघून गेलो तर शोधशील?"

"म्हैस हरवली तर शोधीन."

"आणि मी?"

ती खोरं उचलून वळली. पण घरी जाताना पाटाचं दार बंद करायचं मात्र विसरली.

सकाळी शेजारच्या लंबरदाराची, म्हणजे गावच्या पाटलाची, कोवळी कपाशी पाण्याखाली होती. माणसं जमली, तापातून उठून अब्बाही आले. जांगल्यांचंच काम, सगळ्यांचं ठरूनच गेलं. वरयामला धरून आणलं, तर तो शांतपणे म्हणाला, "हो. मीच फोडला पाट."

लंबरदार पोलिसांना बोलवायला माणूस धाडू लागला.

जैनां गोंधळून गेली. हा खोटं का बोलतोय? गप्प राहिलं तर आपलं नाव झाकलेलं राहील, पण हा तुरुंगात जाईल. काय करावं ते ठरायच्या आत पाय पुढे गेले होते.

"दार मी उघडं ठेवलं, अब्बा."

"तू? लक्ष कुठं होतं तुझं?"

तिनं वरयामकडे पाहिलं. "याच्याकडे."

अब्बांचा चेहरा उतरला. ते लंबरदाराला म्हणाले, "पोलीस कशाला? बी माझं. नव्यानं पेरणी हा करील."

पाणी ओसरून वाफसा आला तसा वरयाम लंबरदाराच्या शेतात वाकला. जन्मात बी पेरलं नव्हतं त्यानं, ओळ सापासारखी गेली होती. जैनां लस्सी घेऊन आली. बांधावरून अब्बा बघत होते, पण अडवायला उठले नाहीत.

"खोटं का बोललास?"

"तुझं नाव येऊ नये म्हणून. तू खरं का बोललीस?"

"मला… ठाऊक नाही."

"अजूनही?"

तिनं लोटा पुढे केला. घेताना त्याची मातीनं भरलेली बोटं तिच्या बोटांवर राहिली, तिनं हात काढला नाही.

"आमची माणसं उद्या नदीकडे निघतायत," तो म्हणाला.

"आणि तू?"

"तू सांग."

जैनांनं एकदा अब्बांकडे पाहिलं.

"पेरणी अर्धी टाकून जायचं नसतं," ती म्हणाली. मग अगदी हळू, "राहा… माझ्यासाठी."