ब्रॉडवेवरचे तरुण आजोबा

बोचऱ्या गारांचा पाऊस, वाऱ्याने उलटी झालेली छत्री, आणि रंगपटातली मदतनीस म्हणून नोकरीचा पहिलाच दिवस! ओपल फेनर थिएटरच्या मागच्या गल्लीत धावतच शिरली आणि एकदम थबकली. नटांच्या ये-जा करायच्या दारापाशी पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ उभे होते. एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात डोनटची पिशवी, आणि कोपराने दार ढकलायची केविलवाणी धडपड.

“थांबा आजोबा, मी उघडते! हात द्या इकडे, पायऱ्या ओल्या आहेत.”

आजोबांनी निमूटपणे हात दिला. दोन जिने चढताना ते पायरीपायरीवर धापा टाकत होते आणि ओपल त्यांना धीर देत होती – “झालंच हं आता... सावकाश...” रंगपटाच्या दाराशी पोचल्यावर आजोबांनी पाठ ताठ केली, कॉफीचा घोट घेतला आणि जराही धाप न लागता खणखणीत आवाजात म्हणाले, “आभारी आहे. इतक्या मायेनं मला आजवर कुणी वर आणलं नव्हतं.”

ओपलचा चेहरा लालबुंद झाला. आतून रंगपटाच्या मुख्य झिमरबाई ओरडल्या, “लेलँड! पुन्हा दाढी लावून बाहेर गेलास? आणि ती पोरगी कोण?”

“माझी नात,” लेलँड ब्रॉडी म्हणाला.

तो होता सव्वीस वर्षांचा. पण आवाज असा भरदार, की ओहायोतून न्यूयॉर्कला आल्यापासून त्याच्या वाट्याला फक्त म्हातारेच आले होते – पाद्री, न्यायाधीश आणि आता हे आजोबा. एका समीक्षकाने तर त्याला ‘रंगभूमीवरचे बुजुर्ग’ म्हटलं होतं. प्रयोगानंतर नायकाभोवती मुलींचा गराडा पडे आणि दाढी काढलेला लेलँड त्यांच्यामधून वाट काढत निघून जाई. त्याला कुणी ओळखतही नसे.

दाढी लावायचं काम ओपलकडे आलं. रोज संध्याकाळी ती त्याच्या हनुवटीला डिंक लावी, कपाळावर आठ्या काढी.

“आज एक सुरकुती जास्त काढलीस.”

“काल फार बडबड केलीस, त्याची शिक्षा.”

“मग आज गप्प बसतो.”

“नको...” ती पटकन म्हणाली आणि मग ब्रश धुवायला वळली. तो आरशातून तिच्याकडे बघत होता, हे तिला पाठमोरी असतानाही कळत होतं.

वसंतात हॉलिवूडहून एक गृहस्थ नाटक बघायला आले. त्यांना चित्रपटासाठी लेलँडची चाचणी घ्यायची होती – पण दाढीशिवाय. दुसऱ्या दिवशी दुपारी तो रिकाम्या रंगपटात येऊन बसला तो पडलेल्या चेहऱ्याने.

“मला नाही जमायचं, ओपल. नुसत्या चेहऱ्यानं काय करायचं असतं तेच ठाऊक नाही मला.”

“बस समोर. बोल काहीतरी. नाटकातलं नको, तुझं.”

त्याने टेबलावरची दाढी उचलून बोटांत धरली. मग खाली बघत म्हणाला, “मी दुपारच्या प्रयोगानंतर दाढी उतरवत नाही ना... ते मुद्दाम. गरम कॉफी प्यायली की डिंक सुटतो, आणि मग तुला मधेच एकदा ती पुन्हा बसवावी लागते.”

ओपलने हातातला ब्रश खाली ठेवला. “हे... हे असंच बोल कॅमेऱ्यासमोर,” ती कशीबशी म्हणाली.

चाचणी उत्तम झाली. करार हातात घेऊन तो जिने तीन तीन पायऱ्यांनी चढत आला. “ओपल, सामान बांध! शनिवारी कॅलिफोर्नियाला निघायचंय. तिकडेच लग्न करू!”

त्याच सकाळी झिमरबाईंनी आपण निवृत्त होत असल्याचं सांगितलं होतं. रंगपट ओपलच्या हाती येणार होता. तिने ते सांगितलं.

“रंगपट काय, तिकडेही असतात,” लेलँड हसत म्हणाला.

“हा तिकडे नाही,” ती म्हणाली. तो हसायचा थांबला. शनिवारी तो एकटाच गेला.

त्याचा पहिला चित्रपट ओपलने एका मंगळवारी दुपारी पाहिला. लेलँड इंजिन ड्रायव्हर झाला होता. बायकोला निरोप देताना त्याने फक्त टोपी नीट केली, आणि ओपलच्या शेजारच्या दोन बायका हुंदके द्यायला लागल्या. ओपलला मात्र भारी अभिमान वाटला... आणि मग घरी जाताना उतरायचं विसरून ती दोन स्टेशनं पुढे गेली.

तो नावारूपाला आला. मासिकांत फोटो झळकले. ओपलचंही बरं चाललं होतं. तिच्या हाताखाली आता तिघीजणी होत्या. दोन वर्षं गेली. आणि एका ऑक्टोबरच्या दुपारी, ती टोप विंचरत असताना, दारात लेलँड उभा राहिला – नव्या नाटकाचा नायक म्हणून.

“हिवाळाभर इथे,” तो म्हणाला. “चित्रपट फक्त उन्हाळ्यात करायचे, असं स्टुडिओकडून कबूल करून घेतलं. भांडलो त्यासाठी. आता... तुला निम्मं वर्ष एकटीनं काढावं लागेल, पण—”

“का?” ओपलने विचारलं. “उन्हाळ्यात थिएटर उकाड्यानं बंदच असतं, वेड्या. मी येऊ शकते की तिकडे.”

लेलँड दारातून आत आला. “हे तुला कधी सुचलं?”

“तू गेलास त्याच आठवड्यात.”

“मग दोन वर्षं बोलली का नाहीस?”

“तू विचारलंस कुठे? ‘सामान बांध’ म्हणालास. सामान बांधायला मी काय हमाल आहे?”

तो गोरामोरा झाला. हातातली हॅट त्याने खुर्चीवर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. नुसत्या चेहऱ्याने साऱ्या देशाला रडवणारा नट, पण त्याला एक वाक्य धड सुचेना.

“ओपल... तुला... म्हणजे तुझी इच्छा असेल तर... माझ्याशी लग्न करशील?”

खालून घंटा झाली. तालमीची वेळ. जिन्यावरून कुणीतरी ‘मिस्टर ब्रॉडी’ म्हणून हाका मारत होतं.

ओपलने टोप बाजूला ठेवला, त्याची कॉलर सरळ केली, आणि हात तिथेच राहू दिले.

“करीन,” ती म्हणाली. “आता पळ. माझ्या थिएटरमध्ये उशिरा आलेलं चालत नाही.”