खुशालसाठी सोडलेली जागा

मोहाडीच्या बाजारात माझं रेकॉर्डिंगचं दुकान आहे. दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्री दंडार हे आमच्याकडचं लोकनाट्य रंगतं आणि त्याची जाहिरात ऑटोवरच्या भोंग्यातून फिरते. ती जाहिरात माझ्याकडे होते. खिडकीला गादी, भिंतीला अंड्यांचे ट्रे, एक माइक आणि एक म्हातारा कॉम्प्युटर. त्याच्या मदरबोर्डवरच्या साउंडमधून बारीक खरखर येई, शेजारच्या अंगणात कुणी धान पाखडत असावं तशी.

"अबे निकेश, साउंड कार्ड टाक ना," कैलाश म्हणायचा. भंडाऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा हा माझा मित्र.

"भोंग्यावर कोणाले कळते खरखर?"

शेवटी तोच एसटीनं कार्ड घेऊन आला. "लावून पाह्य. नाई पटलं त वापस नेतो," म्हणाला आणि डबा टेबलावर ठेवून भाजी घ्यायला गेला.

तेवढ्यात टिकारामकाकाजी जाहिरात रेकॉर्ड करायला आले. दंडारीत जन्मभर लोकांना हसवलेला माणूस. काकाजी एक वाक्य टाकत, जरा थांबत, त्यांचा जोडीदार खुशाल "हो जी!" म्हणे आणि मांडव हसून लोळे. उन्हाळ्यात खुशाल गेला.

"यंदा एकट्यानं जमलं नाई, त घुंगरू खुंटीले," काकाजींनी बजावलं होतं. मला ते मुळीच नको होतं. त्यांना पाहतच मी लहानाचा मोठा झालो.

काकाजी माइकसमोर बसले आणि बांधीचा, म्हणजे धानाच्या वाफ्याचा, जुना विनोद टाकला.

"बायको म्हणे, बांधीतलं पाणी पाहून या..."

थांबले. सवयच ती.

"पाहून आलो. पाणीच होतं!"

मधली रिकामी जागा कापायला मी हेडफोन लावला. खरखरीत कुणीतरी हळूच म्हणालं, "हो जी."

शेजारचा रेडिओ बंद होता. जुनी फाइल मिसळलेली नव्हती. मी नुसती खरखर रेकॉर्ड करून ऐकली, ती खरखरच निघाली. काकाजींना पुन्हा बोलायला लावलं. त्यांनी सोडलेल्या प्रत्येक जागेत तो होता.

घाबरतच हेडफोन त्यांना दिला. त्यांनी ऐकलं आणि मांडीवर थाप मारली.

"खुशालच होय! आताबी उशिराच बोलते, साला!" हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांना टेबलावरचा डबा दिसला. "हे काय होय?"

"साउंड कार्ड. खरखर जाईल यानं."

"आन् खुशाल?"

कैलाशचं म्हणणं धंद्याच्या दृष्टीनं बरोबर होतं. पण काकाजींचा चेहरा पाहून मी डबा ड्रॉवरमध्ये ढकलला.

"राहू द्या काकाजी. खरखर काय, खायला थोडीच मागते?"

मग काकाजी असे रंगात आले की विचारू नका. यंदा सानगडीच्या मंडईत नाचणारच म्हणाले. दोघंही खुशीत होतो. कैलाश परतला आणि त्यांना समोरच्या टपरीवर चहाला घेऊन गेला. त्याला मी काहीच सांगितलं नाही.

दुकानात एकटा उरलो. अंगात अजून हसू होतं. गंमत म्हणून मीच माइकसमोर बसलो.

"बायको म्हणे, बांधीतलं पाणी पाहून या..."

काकाजींसारखाच थांबलो. मग ऐकलं.

"हो जी."

आवाज वाढवला. पुन्हा ऐकलं.

दोन आवाज होते.

एक खुशालचा, नेहमीसारखा उशिरा आलेला. त्याच्या आधीचा, अगदी वेळेवर आलेला, काकाजींचा होता; तोच आवाज मी दुपारभर माइकसमोर ऐकत होतो.

मी ड्रॉवर उघडून डबा बाहेर काढला.

"निकेश, ये ना बाबू!" टपरीवरून टिकारामकाकाजींनी हाक मारली. ते बशीतल्या चहावर फुंकर घालत होते. "थंडा होऊन राहिला!"