ढब्बूची झूल

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो शिडीवर उभा होता, आणि आमचा ढब्बू त्याच शिडीला बूड घासत होता.

ढब्बू म्हणजे आमचं तट्टू. बुटका, गोल, पिंगट, आणि स्वतःला मोठा घोडा समजणारा. मी आणि बाबा गावाबाहेर, ओढ्याकाठी, लहान मुलांना घोड्यावर बसायला शिकवतो. आमच्याकडे येणारं प्रत्येक मूल आधी ढब्बूवर बसतं, मग बाकीच्यांवर. त्या दिवशी स्वारी कुंपणाचा खांब घासून घासून मोडून थेट बाजाराच्या रस्त्याला लागली होती. मी दोरी घेऊन धापा टाकत मागे आले, तर एका नव्या दुकानासमोर हा प्रकार. शिडी डुलतेय, वर एक लांबुळका मुलगा हातात पाटी धरून उभा, आणि ढब्बू डोळे मिटून, खालचा ओठ लोंबवून अगदी तल्लीन.

"हलू नका," मी ओरडले.

"मी हलत नाहीये," वरून शांत आवाज आला. "तुमचा घोडा हलवतोय."

"तट्टू आहे ते."

"पडल्यावर काही फरक पडेल का?"

मला हसूच फुटलं. दोरी अडकवून ओढलं, तर ढब्बू ढिम्म. शेवटी त्या मुलानेच वरून पडद्याचा एक दांडा खाली सोडला आणि ढब्बूच्या मानेवर हळूच खाजवलं. ढब्बू दांड्याच्या मागे मागे सरकला, शिडी मोकळी झाली, तसा तो खाली उतरला. पाटीवर नुसतं 'पडदे' एवढंच लिहिलेलं होतं.

"याला एवढी कसली खाज आहे हो?" तो हसत म्हणाला.

आता आपल्याकडे असं कुणाला विचारलं की त्याचा अर्थ काय होतो, ते सगळ्यांना माहीत आहे. एरवी मी त्याला दोन शब्द सुनावले असते. पण त्या दिवशी मी ते शब्दशःच घेतलं.

"त्याला खरंच खाज आहे," मी म्हणाले, आणि ढब्बूची शेपूट उचलून दाखवली. वरच्या टोकाला केस नव्हतेच. सोललेली, लाल कातडी. आयाळही जागोजागी गेलेली. त्याचं हसू तिथेच विरलं.

"माफ करा," तो म्हणाला. नुसतं तोंडदेखलं नाही, मनापासून. मग त्याने दुकानातून पाण्याचा तांब्या आणला. अर्धा मला दिला, अर्धा ढब्बूला.

पायरीवर बसून मी त्याला सगळं सांगितलं. ऊन-पावसाची दमट हवा सुरू झाली की ढब्बूचं हे सुरू होतं. आम्ही आधी उवा समजलो, मग नायटा समजलो, आणि मी मूर्खासारखी त्याला रोज साबणाने घासत बसले. आमच्या घोड्यांच्या डॉक्टरीणबाई फटकळ आहेत. त्यांनी मला चांगलंच झापलं. ही चिलटं आहेत, म्हणाल्या. अगदी बारीक, डोळ्यांना दिसतील न दिसतील अशी. त्यांची लाळ याला सोसत नाही. बाकीच्या घोड्यांना चावतात आणि विसरतात, हा मात्र अंग सोलून काढतो. मलमाने आग थांबेल, पण आजार जाणार नाही. दर वर्षी येणार आणि दर वर्षी सांभाळावा लागणार.

"मग सांभाळायचं," तो म्हणाला, जणू त्यात काय मोठंसं.

"बाबा दमलेत हो. समुद्रकाठी त्यांचे एक मित्र आहेत. तिकडे वारा असतो, चिलटं टिकत नाहीत. या हंगामात फरक पडला नाही तर ढब्बूला तिकडे पाठवायचं म्हणतात."  बाबांचं चुकत नव्हतं, आणि तेच तर दुःख होतं. ढब्बूशिवाय तो तबेला मला बघवला नसता.

"डॉक्टरीणबाई आणखी काय म्हणाल्या?"

"अंगभर झूल घाला म्हणाल्या. बारीक जाळीची, पोटाखालून, मानेवरून, शेपटीवरूनसुद्धा. तयार मिळतात, पण याच्या मापाची नाही मिळत. ह्याचं पोट बघितलंत ना?"

त्याने ढब्बूचं पोट बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"जाळी माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "खिडक्यांना लावतो ती. चिलटच काय, चिलटाचा बापही आत येणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदेवाले गळ्यात टेप अडकवून तबेल्यात हजर. जन्मात घोड्याला हात लावलेला नव्हता, हे लगेच कळलं. ढब्बूने शेपूट हलवली की हा दोन पावलं मागे.

"तो चावतो का?"

"माणूस बघून ठरवतो."

"आणि तुम्ही?"

"मीसुद्धा," मी म्हणाले, आणि टेपचं दुसरं टोक धरलं. छातीपासून शेपटीपर्यंत, पाठीवरून, पोटाखालून... पोटाखाली मी इकडून टेप दिला, त्याने तिकडून घ्यायला हात पुढे केला, आणि टेपऐवजी माझी बोटंच हातात आली. आम्ही दोघंही ढब्बूच्या दोन बाजूंना. एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते, ते बरंच झालं. सोडायला त्याने उशीर केला. खरं सांगायचं तर मीही घाई केली नाही.

आणि मग झूल आली. काय वर्णन करू त्या झुलीचं. पडदेवाल्यांचा नियम असतो म्हणे, खिडकीच्या दीडपट कापड घ्यायचं, म्हणजे चुण्या छान पडतात. सवयीने त्याने इथेही दीडपट घेतलं होतं. ढब्बूच्या अंगावर मानेपासून शेपटीपर्यंत सुरेख, एकसारख्या चुण्या. बाबा म्हणाले, "हा दिवाणखाना कुणाचा?" वारा आला तशी झूल फुगली, ढब्बू स्वतःलाच बुजला आणि मैदानाला तीन चकरा मारून आला. चुण्यांतून चिलटं मजेत आत-बाहेर करत होती. मी हसून हसून गवताच्या गंजीवर पडले. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला.

"उसवून परत शिवतो, मास्तरीणबाई," एवढंच म्हणाला.

दुसरी झूल अंगासरशी बसली. पोटाखाली रुंद पट्टा, शेपटीवर वेगळी झडप, कानांना टोपडं. बाकीचं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं आम्ही केलं. ओढ्याकाठी चरायला सोडणं बंद. पहाटे आणि दिवस मावळताना चिलटं उठतात, तेव्हा ढब्बू आत. चिलटांना वाऱ्यात उडता येत नाही, म्हणून तबेल्यात मोठा पंखा. दारं-खिडक्यांना त्याच जाळीचे पडदे, आणि ते लावायला अर्थातच पडदेवाले.

ते पडदे दर संध्याकाळी कुठेतरी सैल व्हायचे. निदान तो तरी तसं म्हणायचा.

दुकान बंद करून यायचा, पडदे बघायचा, मग माझ्याबरोबर ढब्बूला खरारा करायला उभा राहायचा. आधी माप घ्यायला घाबरणारा माणूस हळूहळू ढब्बूच्या मानेला टेकून गप्पा मारायला लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. कधी झूल फाटली तर तिथेच बसून, दातात दोरा धरून शिवायचा. चिलटं ढब्बूला सोडून त्याला चावायची, आणि मी त्याच्या हातांना ढब्बूचंच मलम लावायचे.

"हे घोड्यांचं आहे ना?"

"तट्टांचं," मी म्हणायचे. "गप्प बस."

हंगाम सरला. हवा कोरडी झाली. एका सकाळी बाबांनी ढब्बूची शेपूट उचलली, बराच वेळ बघितली, आणि त्यावरून हात फिरवला. नवे केस आले होते. आखूड, राठ, पण आले होते. "यंदा राहू दे," बाबा म्हणाले. "पुढच्या वर्षी परत सोललं, तर मात्र मी ऐकणार नाही."

मी धावतच दुकानात गेले. तो इस्त्री करत होता. मी काय काय बोलले ते मला आता आठवत नाही. तू नसतास तर, तुझे उपकार, मी जन्मभर... असलं बरंच काही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते ओढणीला नाही, त्याच्या ताज्या इस्त्रीच्या पडद्याला पुसत होते.

त्याने इस्त्री बाजूला ठेवली. "थंडीत चिलटं नसतात ना?"

"नाही."

"मग संध्याकाळी यायला मला दुसरं काहीतरी कारण लागेल." जरा थांबला. "लग्न... चालेल?"

"चालेल," मी म्हणाले. क्षणाचाही विचार न करता.

आणि त्याचा चेहरा पडला. "नाही. असं नको."

"म्हणजे?"

"आज तू एवढ्या आनंदात आहेस की मी दुकानाचं शटर मागितलं असतं तरी 'चालेल' म्हणाली असतीस. आज तू आभार मानतेयस. मला आभारातून मिळालेली बायको नको." मग अगदी हळू म्हणाला, "माझ्यावर भडकलेली असशील त्या दिवशी सांग. तेव्हाही हो असेल, तर ते हो माझं."

काय वेडा माणूस. मी पाय आपटत घरी आले, पण तो काही राग नव्हता, नुसती चडफड होती. पुढचे महिने मी भडकायचा मनापासून प्रयत्न केला. अख्ख्या घराण्यात मी चिडकी म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्याच्यावर चिडायला घेतलं की डोळ्यांपुढे त्याचे चावून सुजलेले हात यायचे, आणि सगळं मुसळ केरात. मलाही मग धास्ती वाटायला लागली. खरंच हे नुसते आभार असतील तर? चांगल्या माणसाचे आभार मानता मानता मी त्याला फसवत तर नसेन? तो येत राहिला, पडदे बघत राहिला, आणि त्याने एका शब्दाने परत विचारलं नाही.

हवा पुन्हा दमट झाली. झूल बाहेर काढायची वेळ आली, तर तो म्हणाला, "धुऊन, ठीकठाक करून मीच आणतो." आणली, संध्याकाळी ढब्बूला घातली. सकाळी मी तबेल्यात गेले तर ढब्बू भिंतीला मान घासत होता. झुलीच्या कडेखाली आयाळ गेलेली, कातडी लाल, ओली.

 बाबा मागे येऊन उभे राहिले. समुद्रकाठच्या मित्राला लावायला त्यांनी खिशातून फोन काढला.

मी झुलीला हात लावला, आणि थबकले. पुठ्ठ्यासारखी कडक. वर फुलांचा वास. खळ. त्या शहाण्याने झुलीला खळ घातली होती, वर सुवासिक पाणीही. पडदा छान पडावा म्हणून घालतात तशी.

"बाबा, फोन करू नका," मी म्हणाले. "मी आधी एकाचा जीव घेऊन येते."

दुकानात एक बाई पडद्याचं कापड निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर झूल टेबलावर आपटली. ती तशीच उभी राहिली, एवढी कडक.

"खळ? जनावराच्या अंगावरच्या कापडाला खळ? मान सोलून निघाली त्याची. बाबा फोन हातात घेऊन उभे आहेत. अरे, ती खिडकी आहे का? एवढा वर्षभर तबेल्यात येतोस, त्याच्या गळ्यात पडतोस, आणि एकदा, एकदा विचारावंसं वाटलं नाही तुला? बस झालं. यापुढे तू झुलीला पाण्यात घालायचं नाही. लग्नानंतर झूल मी धुणार, नुसत्या पाण्यात, आणि तू लांब उभं राहायचं. कळलं?"

 त्या बाईंनी हातातलं कापड हळूच खाली ठेवलं.

तो पांढराफटक पडला होता. आधी खळीमुळे. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उगवायला लागलं.

"लग्नानंतर?" त्याने विचारलं.

मी काय बोलून गेले ते मला तेव्हा ऐकू आलं. आणि गंमत म्हणजे, राग जराही कमी झाला नाही. तो तसाच होता, रसरशीत, आणि त्याच्या आत कुठेही शंका नव्हती.

"हो, लग्नानंतर," मी म्हणाले. "आता चल. ती खळ आधी काढ."

"आभार वगैरे...?"

"कणभर शिल्लक नाहीत."

तबेल्यामागच्या नळावर आम्ही झूल पिळून पिळून धुतली. मी अजून धुसफुसतच होते. तो मात्र भिजत, हसत होता. दुपारपर्यंत ती वाळून मऊ झाली. ढब्बूच्या मानेला मलम लावलं, झूल चढवली, पंखा सुरू केला. ढब्बूने एक मागचा पाय सैल सोडला, डोळे मिटले, आणि भिंतीकडे वळूनही बघितलं नाही.

दिवस कलायला लागला तरी तो तसाच शांत उभा होता. बाबा तोवर जागचे हलले नव्हते. त्यांनी झुलीच्या कडेखाली बोट घालून बघितलं, फोन खिशात टाकला, आणि भिजलेल्या पडदेवाल्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तट्टू राहील," बाबा म्हणाले. "याचं काय करायचं?"

"राहू द्या," मी म्हणाले.